मिठाची दुसरी मूठ

वडशाच्या नाटक कंपन्यांत लाइटवाले पुष्कळ झाले, पण स्टेजवरचा सूर्य मावळवावा तो नूर मोहम्मदनेच, असं म्हणणारी माणसं अजून आहेत. त्यांतली निम्मी म्हातारी झाली आणि उरलेल्या निम्म्यांना लांबचं धड दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. खुद्द नूर मोहम्मदला या कौतुकाचं फारसं काही वाटत नसे. चाळीस वर्षं तो हेच एक काम करत आला होता आणि त्यातली बावीस वर्षं मनावर एक ओझं घेऊन.

काम रांजणाचं होतं. गळ्यापर्यंत पाणी भरलेला मातीचा रांजण, तळाशी लोखंडी पत्रा, त्याला मेन लाइनची वायर. दुसरा पत्रा वरून दोरीला टांगलेला, त्याची वायर हजार वॅटच्या हॅलोजनकडे गेलेली. दोरी सैल सोडली की वरचा पत्रा खाली जातो आणि दिवा तेजाळतो; दोरी ओढली की पत्रा वर येतो आणि दिवा मंदावत जातो. नुसत्या पाण्यातून वीज कुरकुरत जाते, म्हणून त्यात मूठभर खडेमीठ. आता कंपनीत मोबाइलवर चालणारे रंगीत दिवे आले होते, पण ते मालवताना शेवटी झटकन मिटत. नायिकेचा बाप स्टेजवर डोळे मिटतो त्या वेळी सूर्य असा झटकन मेला तर प्रेक्षक हसतात. म्हणून तेवढ्या एका प्रवेशासाठी रांजण अजून गाडीत चढत असे. प्रयोगानंतर स्विच काढला की नाचणाऱ्या पोरी त्या कोमट खाऱ्या पाण्याने पाय शेकून घेत, हा त्याचा दुसरा उपयोग.

नूर मोहम्मदने आजवर पाच जणांना रांजण शिकवला होता. शिकवताना तो तीन नियम सांगे आणि ते पाठ झाल्याशिवाय दोरी हातात देत नसे. मीठ लाकडी पळीनेच टाकायचं. दोरी ओली होऊ द्यायची नाही. आणि दिवा जळतो तोवर पाण्याला शिवायचं नाही. दिवा गेला की करंट गेला, मग खुशाल हात घाला.

या पाचांतला पहिला सरफराज, त्याचा धाकटा भाऊ. आरमोरीकडच्या एका गावात प्रयोग होता. मागच्या रांगांतून ओरड आली, सूर्य दिसत नाही. नूर मोहम्मदने मध्यंतरात रांजणात मिठाची दुसरी मूठ टाकली. कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या अंकात दिवा चांगला झगझगला आणि थोड्या वेळाने विझला. नूर मोहम्मद तेव्हा स्टेजच्या दुसऱ्या अंगाला होता. पत्रा दोरीवरून सुटला असावा असं वाटून सरफराजने बाही वर केली आणि पाण्यात हात घातला. चोविसाव्या वर्षी गेला. मागे बायको सईदा आणि दीड वर्षाची अमरीन.

लोक म्हणाले, नशीब. कंपनीचा मालक म्हणाला, करंट. नूर मोहम्मदच्या मनात हिशेब पक्का होता: मीठ जास्त म्हणजे करंट जास्त, आणि मीठ आपण टाकलं. एका मुठीच्या पाण्यात सरफराजला झटका बसला असता, तो शिव्या देत मागे पडला असता. दुसऱ्या मुठीने त्याला धरून ठेवलं.

तेव्हापासून त्याने जेवणातलं मीठ सोडलं. घरी बीपीचं कारण सांगितलं. सईदा त्याच्याच घरात राहिली, अमरीन तिथेच मोठी झाली, आणि बावीस वर्षं सईदा भाजी फोडणीला टाकली की मीठ घालायच्या आधी त्याची वाटी वेगळी काढत आली. ती अळणी भाजी खाताना त्याला दर घासाला वाटे, हिला सांगावं. आणि दर घासाला तो ते गिळून टाके. रांजण मात्र त्याने सोडला नाही. सोडायचं कारणच त्याला दिसलं नाही. दोष रांजणाचा नव्हता, मुठीचा होता. म्हणून तो तेव्हापासून मीठ मुठीएवढ्या वाटीने मोजून टाकू लागला, वाटीवर बोट फिरवून, सोनाराला लाजवील अशा काळजीने.

यंदा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने कंपनीचा प्रयोग कुरखेड्याजवळच्या एका गावी होता. धान निघून गेलेलं, बांध्या मोकळ्या, त्यातल्याच एका बांधीत स्टेज उभं राहिलेलं. प्रयोग ठेवणाऱ्या गावच्या मंडळाचा सचिव सोमाजी हा कागदपत्रांना भिणारा माणूस. मागच्या वर्षी शेजारच्या गावात नाटकाच्या दिवशीच डीपी जळाली, तेव्हापासून वीज कार्यालय किती वीज लागणार तो लोड लेखी घेतल्याशिवाय तात्पुरतं कनेक्शन देत नव्हतं. सोमाजीने फॉर्म भरला. पंखे इतके, दिवे इतके, भोंगे इतके, सगळ्यांपुढे वॅट लिहिले. शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘रांजण, एक नग’, आणि वॅटचा रकाना कोरा सोडला.

तो फॉर्म कार्यालयात बराच हिंडला असावा. सकाळी अकराच्या सुमारास स्कुटीवरून संघप्रिया आली. सव्वीस वर्षांची, कार्यालयातली तंत्रज्ञ. गावात तिला वायरमन बाई म्हणत आणि ती ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नसे. खांद्याला पिशवी, पिशवीत मीटर. आल्या आल्या तिने विचारलं, रांजण कुठं आहे? सोमाजीने नूर मोहम्मदकडे असं बोट दाखवलं की जणू चोर तोच.

रांजण बंद करायला आली, असंच नूर मोहम्मदला वाटलं. पण पोरगी रांजणाभोवती एक फेरी मारून खाली बसली आणि म्हणाली की आयटीआयच्या पुस्तकात याचं चित्र होतं, खरा कधी पाहिला नव्हता. चालवून दाखवा. त्याचा राग जरा उतरला. त्याने वाटीभर मीठ टाकलं, स्विच लावला आणि दोरी निम्म्यावर आणून बांधली. भर उन्हात हॅलोजन पिवळट जळू लागला.

तिने मीटरचा चिमटा वायरीला लावला, तारा इकडून तिकडे टेकवल्या आणि पडद्यांच्या काळ्या पेटीवर खडूने आकडे लिहिले. लाइनला दोनशेवीस व्होल्ट येत होते. त्यातले एकशेपंधरा दिव्याला मिळत होते आणि एकशेपाच रांजण खात होता. दोघांतून करंट एकच, तीन अँपिअर. मग तिने समजावून सांगितलं. व्होल्टला करंटने भागलं की वस्तू विजेला किती अडवते ते कळतं, तो तिचा रोध, ओहममध्ये. एकशेपाच भागिले तीन, म्हणजे रांजण पस्तीस ओहमचा. आणि व्होल्टला करंटने गुणलं की वॅट. दिवा तीनशेपंचेचाळीस वॅट, रांजण तीनशेपंधरा.

“म्हणजे तुमचा रांजण दिव्याइतकंच खाऊन राह्यला, भाऊ,” ती म्हणाली. “अर्धी लाइट नुसतं पाणी तापवते.”

सोमाजी खूश झाला. त्याला रकान्यात लिहायला आकडा मिळाला होता. नूर मोहम्मद मात्र पेटीवरच्या खडूकडे बघत राहिला. चाळीस वर्षं ज्याला तो ‘जरा मंद’, ‘जरा तेज’ म्हणत आला, त्याला असा आकडा असतो. मग बाकीच्यालाही असणार. एका मुठीला आकडा होता, तसा दोन मुठींनाही असणार. बावीस वर्षं जी गोष्ट त्याने मनातल्या मनात ठरवून टाकली होती, ती ही पोरगी खडूने पाच मिनिटांत मांडू शकत होती. विचारावं असंही वाटलं, आणि ती आत्ता स्कुटीवर बसून निघून जावी असंही वाटलं.

सोमाजी मंडपवाल्याकडे गेल्यावर त्याने विचारलं.

“समजा, मॅडम, कोनाचा हात पडला पाण्यात. एक मूठ मीठ असन तं किती करंट लागन, अन् दोन मुठी असन तं किती?”

संघप्रियाने त्याच्याकडे पाहिलं. कोणाचा हात, असं तिने विचारलं नाही. एवढी समज तिला होती. ती म्हणाली, अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजून सांगते, दुसरी मूठ टाका.

वाटी त्याच्या हातात होती. बावीस वर्षांत त्याने पहिल्या वाटीवर एक खडा वर जाऊ दिला नव्हता. त्याने स्विच काढला, पळीत मीठ घेतलं आणि ते पाण्यावर धरून तसाच उभा राहिला. संघप्रिया मीटरशी काहीतरी करत बसली, घाई केली नाही. शेवटी त्याने पळी उपडी केली, पाणी ढवळलं आणि स्विच लावला. दिवा झगझगला. अगदी त्या दिवशीसारखाच. त्याने मान फिरवली.

तिने पुन्हा आकडे घेतले. करंट साडेतीन. दिव्याला एकशेअठ्ठावन्न, रांजणाला बासष्ट. बासष्ट भागिले साडेतीन, साडेसतरा ओहमच्या जवळपास. दुसऱ्या मुठीने रोध निम्मा केला होता. नूर मोहम्मदला वाटलं, संपलं. निम्मा रोध म्हणजे दुप्पट करंट, आपलं खरंच होतं. पण तिचा खडू थांबला नव्हता. तिने पेटीवर एक माणूस काढला, पोरं काढतात तसा, काड्यांचा. ओला हात, अनवाणी पाय, ओली जमीन. अशा माणसाचा रोध साधारण हजार ओहम धरतात, ती म्हणाली. करंटला आधी पाण्यातून जायचं, मग माणसातून. म्हणजे दोन्ही रोधांची बेरीज करायची.

एका मुठीला हजार अधिक पस्तीस. दोनशेवीस भागिले एक हजार पस्तीस. तिने मोबाइलवर भागून लिहिलं: दोनशेतेरा मिलीअँपिअर.

दोन मुठींना हजार अधिक साडेसतरा. दोनशेसोळा.

“माणूस शंभरातबी जाते,” ती म्हणाली. “दोनशेतेरा काय अन् दोनशेसोळा काय. मीठ इथी हिशेबातच नाई, भाऊ. एक मूठ राह्यली असती तरी तेच झालं असतं.”

नूर मोहम्मदने तिला ते पुन्हा करायला लावलं. तिने पुन्हा केलं. मग त्याने विचारलं, मिठाने दिवा उडाला असेल का? तीही शंका त्याने बावीस वर्षं बाळगली होती. ती म्हणाली, कसा उडेल. कितीही मीठ टाका, दिव्याला लाइनच्या वर काही मिळत नाही, आणि तेवढ्यासाठीच तो बनवलेला असतो. जुना दिवा, कधीतरी जायचाच.

त्याला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. तीन. दोनशेतेरा आणि दोनशेसोळा यांच्यातले तीन, एवढाच आपला गुन्हा. घरी गेल्यावर सईदाला सांगायचं, आज माझी वाटी वेगळी काढू नको. कारण विचारेल. मग सगळंच सांगून टाकायचं, आता सांगता येईल. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलंही नाही. संघप्रिया पिशवी आवरू लागली होती.

बरं वाटलं की माणसाला इकडचंतिकडचं विचारावंसं वाटतं. पेटीवरच्या आकड्यांवरून नजर फिरवता फिरवता नूर मोहम्मद एका ठिकाणी अडला. त्याने सहज म्हणून विचारलं, वरच्या पत्र्याशी तर आत्ता एकशेअठ्ठावन्न होते, बाकीचे रांजणात खर्च झाले म्हणालात. मग हाताच्या हिशेबात पूर्ण दोनशेवीस कसे धरले?

त्याच्या प्रश्नावर संघप्रिया खूश झाली. आयटीआयच्या वर्गात तिच्या सोबतच्यांना हे सुचलं नसतं, असं ती म्हणाली. “तुम्हीच तं म्हटलं, हात पडला. जळत्या दिव्यात कोन हात घालते? दिवा गेला असन, तवाच घातला असन. म्हणून दोनशेवीस धरले.”

त्याला कळलं नाही. ती म्हणाली, थांबा, दाखवते. मीटरची एक तार तिने वरच्या पत्र्याला लावली, दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. आकडा त्याच्यासमोर धरला. एकशेअठ्ठावन्न. मग दिव्याच्या स्टँडकडे जाऊन तिने दिव्याची पिन उपसली.

दिवा गेला. मीटरवरचा आकडा वर चढला. दोनशेवीस.

“पाहा,” ती म्हणाली. “दिवा जळते तवा करंट वाहते, म्हणून पाण्यात थोडे व्होल्ट खर्च होते. दिवा गेला का करंट शून्य. करंट शून्य तं खर्चबी शून्य. मंग दोनशेवीसच्या दोनशेवीस पाण्यात उभे राहते, कोनाची तरी वाट पाहत. दिवा गेल्यावर हे पाणी सगळ्यात खराब.”

मग तिने पिन पुन्हा लावली, पुन्हा काढली. एकशेअठ्ठावन्न, दोनशेवीस. एकशेअठ्ठावन्न, दोनशेवीस. शाळेत शिकवावं तशी ती शिकवत होती आणि नूर मोहम्मद आकड्याकडे बघत होता.

“कोनं तरी त्या मानसाले उलटं सांगतलं असन,” ती सहज म्हणाली. “दिवा गेला म्हणजे करंट गेला म्हणून. लय लोकायले असंच वाटते.”

नूर मोहम्मदने मान हलवली. सरफराजने निष्काळजीपणा केला नव्हता, घाई केली नव्हती. दिवा विझण्याची वाट पाहिली होती आणि मगच बाही वर केली होती. मोठ्या भावाने पाठ करून घेतलेला नियम त्याने शब्दाला शब्द पाळला होता. आणि मोठा भाऊ बावीस वर्षं मिठाच्या वाटीवर बोट फिरवत बसला. मीठ खाणं सोडलं म्हणजे केवढं प्रायश्चित्त घेतलं असं त्याला वाटत होतं, आणि तेच घेत असताना त्याने आणखी चार माणसांना शेजारी बसवून तोच नियम शिकवला होता. खोट्या गुन्ह्याची शिक्षा भोगण्यात तो इतका गुंतला की खरा गुन्हा त्याच्या हातून चार वेळा पुन्हा झाला. ते चौघे जिवंत होते ते केवळ त्यांचे दिवे अजून अवेळी गेले नव्हते म्हणून.

सोमाजी परत आला तेव्हा संघप्रिया फॉर्म हातात घेऊन उभी होती. लोड मर्यादेत बसतो, पण उघड्या पाण्यात लाइन सोडलेली मला मंजूर करता येणार नाही, असं ती जरा ओशाळून सांगू लागली. भाऊंनी एवढ्या कौतुकाने दाखवलं आणि वरून हे, असं तिला वाटलं असावं. नूर मोहम्मदने फॉर्म तिच्या हातातून घेतला आणि ‘रांजण, एक नग’ या ओळीवर स्वतःच रेघ मारली. सोमाजी म्हणाला, मग सूर्याचं काय? नूर मोहम्मद म्हणाला, झटकन मावळू दे.

दुपारचं जेवण सोमाजीच्या घरी होतं. कंपनीच्या माणसांनी आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून सोमाजीच्या बायकोने, रुखमाबाईने, त्याच्यासाठी लाखोरीच्या डाळीचं वरण अळणी काढून ठेवलं होतं. वाटी समोर आल्यावर त्याने ती बाजूला सारली आणि सगळ्यांचं वाढा म्हणाला. बीपी उतरलं वाटते, असं रुखमाबाई म्हणाली. त्याने भात कालवून खाल्ला. बावीस वर्षांनी तोंडात मीठ आलं होतं आणि ते त्याला नुसतं खारट लागलं.

जेवण झाल्यावर तो अंगणात मोबाइल घेऊन बसला. चार नंबर होते. मिथुन शाळांच्या गॅदरिंगला लाइट लावत असे, त्याला सांगितलं. बुधूने ही लाइन सोडून किराणा टाकला होता, त्यालाही सांगितलं. त्याने विचारलं, मले काऊन सांगता? पत्रू नागपूरला मंडपवाल्याकडे होता, त्याचा फोन तिसऱ्यांदा लागला. राहिला प्रफुल. तो दुसऱ्या कंपनीत होता, यंदाही रांजण चालवत होता, आणि त्या संध्याकाळी त्याचा प्रयोग होता.

“प्रफुल,” नूर मोहम्मद म्हणाला, “दिवा गेला तरी पाण्यात हात घालू नोको. बटन काढल्याबिगर घालूच नोको. दिवा गेल्यावर करंट जात नाई, उलटा पुरा येते. म्हणून दाखव मले.”

प्रफुलने म्हणून दाखवलं. मग तो हसला. “पन नूरभाऊ, तुम्हीच तं सांगतलं होतं, दिवा गेला का खुशाल हात घाल म्हणून.”

“हो,” नूर मोहम्मद म्हणाला. “मीच सांगतलं होतं. सरफराजलेबी मीच सांगतलं होतं.”

नूर मोहम्मदने फोन ठेवला आणि सईदाचा नंबर लावला.